मोजदादीची साधना आणि स्वदेशीचा स्वाभिमान

नोव्हेंबर २०१० मधील गोष्ट. जिनिव्हाजवळ, फ्रान्सच्या हद्दीत, जमिनीखाली सुमारे ५६ मीटर खोल असलेल्या एका विशाल दालनात शिशाची अणुकेंद्रके एकमेकांवर आदळविण्यात आली. 'सर्न' या युरोपीय संशोधन संस्थेच्या २७ किलोमीटर परिघाच्या 'लार्ज हॅड्रॉन कोलायडर' या यंत्रात ही टक्कर घडत होती. तिची ऊर्जा तोवरच्या अशा प्रकारच्या कोणत्याही प्रयोगाच्या जवळजवळ १४ पट होती. दालनात उभ्या असलेल्या १० हजार टन वजनाच्या यंत्रसंभाराचे नाव 'ॲलिस'. टकरी सुरू झाल्यावर अवघ्या दहा दिवसांत तेथील शास्त्रज्ञांनी आपला पहिला निष्कर्ष प्रसिद्धीसाठी धाडला. त्यात कोणताही नवा सिद्धांत नव्हता, की कोणत्या नव्या कणाचा शोध लागल्याचा दावा नव्हता. होता तो केवळ एक आकडा : १५८४.

अगदी समोरासमोर झालेल्या एका टकरीतून ठरावीक पट्ट्यात सरासरी किती विद्युतभारित कण बाहेर पडतात, त्याची ही गणती. जगातील शेकडो वैज्ञानिक, अब्जावधी रुपयांचे यंत्र आणि वीस वर्षांची तयारी यांचे पहिले फळ म्हणजे एक शिरगणती, हे ऐकून सामान्य माणसाला नवल वाटेल. परंतु या आकड्यामागची कथा समजून घेतली, तर विज्ञानाची खरी प्रकृती कोणती आणि त्या क्षेत्रात राष्ट्राचा मान कशाने वाढतो, या दोन्ही प्रश्नांवर प्रकाश पडतो. त्या कथेत भारताचाही वाटा आहे, आणि तो भाषणांतून फारसा ऐकू येत नाही.

गणती कशाची आणि कशासाठी?

शिशाच्या एका अणुकेंद्रकात ८२ प्रोटॉन आणि १२६ न्यूट्रॉन असतात. अशी दोन केंद्रके आदळली की विद्युतभार असलेले प्रोटॉन जमेस धरायचे ते केवळ १६४. प्रत्यक्षात एका समोरासमोरच्या टकरीतून सर्व दिशांना मिळून सुमारे १७ हजार विद्युतभारित कण बाहेर पडतात, असे 'ॲलिस'च्या पुढील मोजणीत आढळले. हे कण आले कोठून? टकरीची ऊर्जाच द्रव्यात परिवर्तित झाली. निसर्गाचा हिशेब इतका चोख, की या हजारो नव्या कणांत जितके धनभारित तितकेच ऋणभारित. सगळ्यांची बेरीज केली की बाकी उरतो तो मूळचा १६४ धनभारच.

या टकरीत क्षणार्धापेक्षाही अत्यल्प काळ एक विलक्षण अवस्था निर्माण होते. प्रोटॉन आणि न्यूट्रॉन यांच्या भिंती वितळतात आणि त्यांच्या पोटातील क्वार्क व ग्लुऑन मोकळे होतात. विश्वाच्या जन्मानंतर सेकंदाच्या काही लक्षांशांपर्यंत सारे विश्व याच अवस्थेत होते, असे मानले जाते. सूर्याच्या गाभ्यातील तापमानाच्या लाखो पट तापलेले हे द्रव्य थेट पाहता येत नाही, कारण पाहू म्हणेपर्यंत ते थंड होऊन कणांच्या रूपाने विखुरलेले असते. शास्त्रज्ञाच्या हाती लागतात ते केवळ हे विखुरलेले कण. पंगत उठल्यावर पत्रावळी मोजून किती पाने जेवली याचा अंदाज घ्यावा, तसे हे काम आहे. कण किती निघाले, यावरून त्या ठिणगीत ऊर्जेची दाटी किती होती, याचा प्रथम अंदाज बांधता येतो. म्हणूनच अशा प्रत्येक नव्या प्रयोगाचा श्रीगणेशा गणतीने होतो.

गणतीची रीतही समजून घेण्याजोगी आहे. कण ज्या नळीतून येऊन आदळतात तिच्याभोवती सिलिकॉनच्या पातळ पट्ट्यांची दोन वेष्टने होती, पहिले टकरीच्या ठिकाणापासून सुमारे ४ सेंटिमीटरवर आणि दुसरे साडेसात सेंटिमीटरच्या आसपास. या वेष्टनांवर मिळून सुमारे ९८ लाख सूक्ष्म चौकटी होत्या. विद्युतभारित कण चौकटीतून गेला की तेथे किंचित विद्युतप्रवाह उमटतो. आतल्या वेष्टनावरची एक खूण आणि बाहेरच्या वेष्टनावरची एक खूण जोडणारी रेषा नेमकी टकरीच्या बिंदूकडे जात असेल, तर तो एक कण धरायचा. मोजणीचा पट्टा म्हणजे यंत्रनळीला काटकोनात पाहिले असता दोन्ही बाजूंना सुमारे २७ अंशांपर्यंत येणारा भाग. १५८४ हा आकडा या पट्ट्यातला आहे.

वरकरणी हे सोपे वाटते, परंतु खरी कसोटी पुढेच आहे. हजारो खुणांच्या गर्दीत दोन भिन्न कणांच्या खुणा योगायोगाने एका रेषेत येतात आणि नसलेला कण मोजला जातो. काही कण इतके मंद असतात की दुसऱ्या वेष्टनापर्यंत पोहोचतच नाहीत. काही कण टकरीतून आलेले नसतात, वाटेत दुसऱ्या कणाचे विघटन होऊन उपजलेले असतात. काही चौकटी बंद पडलेल्या असतात. शिवाय प्रत्येक टक्कर समोरासमोर नसते. काही केंद्रके एकमेकांना नुसती चाटून जातात, तेव्हा त्यांना वेगळे काढावे लागते. या प्रत्येक दोषाचा स्वतंत्र अभ्यास करून आकडा दुरुस्त करावा लागतो. एवढे सारे केल्यावरही शास्त्रज्ञांनी नुसते १५८४ लिहिले नाही. त्यापुढे दोन आकडे अधिक-उणे म्हणून जोडले : एक ४ आणि दुसरा ७६. पहिला मोजलेल्या टकरींच्या मर्यादित संख्येमुळे येणारा संभाव्य फरक, तर दुसरा यंत्राच्या आणि पद्धतीच्या दोषांमुळे येणारा. आपल्या विधानात किती चूक असू शकते हे स्वतःच मोजायचे आणि विधानासोबत छापायचे, असा हा रिवाज आहे. सार्वजनिक जीवनात हा रिवाज किती ठिकाणी पाळला जातो, याचा विचार ज्याचा त्याने करावा.

भाकितांचा गर्वहरण

ही गणती इतकी महत्त्वाची का, हे तिच्या आधी केलेल्या भाकितांवरून ध्यानात येते. २००० मध्ये अमेरिकेतील ब्रुकहेवन प्रयोगशाळेत सोन्याच्या अणुकेंद्रकांच्या टकरी सुरू झाल्या. त्यापूर्वी जगभरच्या सिद्धांतकारांनी किती कण निघतील याची भाकिते केली होती. 'फोबोस' या तेथील प्रयोगाने पहिली मोजणी प्रसिद्ध केली, तेव्हा प्रत्यक्ष आकडा बहुतेक भाकितांच्या खालच्या टोकाला निघाला. अनेक मोठमोठ्या गणिती प्रारूपांना त्या एका आकड्याने निरोप दिला. दहा वर्षांनी 'ॲलिस'च्या वेळी सिद्धांतकार सावध होते. कमी ऊर्जेवरील मोजण्यांवरून रेषा पुढे ओढून त्यांनी बेताचे अंदाज केले. या वेळी निसर्गाने उलट कौल दिला. आकडा बहुतेक अंदाजांहून जास्त निघाला. पुढे २०१५ मध्ये ऊर्जा आणखी वाढविली गेली, तेव्हा त्याच पट्ट्यातील गणती १९४३ वर गेली आणि एका टकरीतील एकूण विद्युतभारित कण सुमारे २१ हजार झाले.

एकदा कमी, एकदा जास्त. जगातील सर्वाधिक बुद्धिमान माणसांची भाकिते दोनदा दोन दिशांना चुकली, आणि तरीही कोणी कोणाचा मानभंग केला नाही. ज्याची चूक झाली त्याने गणित सुधारले. मापनापुढे सिद्धांताने मान तुकवायची, मग सिद्धांत मांडणारा कितीही थोर असो, ही या क्षेत्राची शिस्त आहे. भारतीय परंपरेत प्रमाणाला, म्हणजे ज्ञान कशावरून खरे मानायचे या प्रश्नाला, दर्शनकारांनी जे अग्रस्थान दिले, त्याच्याशी ही शिस्त मुळीच विसंगत नाही. न्यायदर्शनाने चार प्रमाणे सांगताना प्रारंभ प्रत्यक्षापासून केला, हे येथे आठवावे.

दार्जिलिंगच्या पहाडातील काचा

या विज्ञानात भारत काल-परवा आला, असा समज आहे. तो खरा नाही. कोलकात्याची बसू विज्ञान मंदिर ही संस्था आज 'ॲलिस' प्रयोगात सहभागी आहे. १९१७ मध्ये आचार्य जगदीशचंद्र बसूंनी ती स्थापिली. त्यांच्या संशोधनाच्या खडतर काळात भगिनी निवेदितांनी त्यांना दिलेला आधार सर्वश्रुत आहे. बसूंच्या ग्रंथांच्या संपादनासाठी त्या राबल्या. दधीचीच्या अस्थींचे वज्र हे त्यागाचे चिन्ह त्यांनी राष्ट्रापुढे ठेवले होते, तेच बसूंच्या संस्थेने आपले बोधचिन्ह म्हणून स्वीकारले.

त्याच संस्थेत १९४० च्या सुमारास जगदीशचंद्रांचे भाचे देवेंद्र मोहन बसू आणि त्यांच्या सहकारी बिभा चौधुरी यांनी एक साधा पण अभिनव प्रयोग मांडला. अंतराळातून येणारे विश्वकिरण वातावरणावर आदळतात तेव्हाही विद्युतभारित कणांची निर्मिती होते. त्या काळी पृथ्वीवर मोठे त्वरक यंत्र नव्हते, तेव्हा हिमालय हीच प्रयोगशाळा. छायाचित्रणाच्या काचा दार्जिलिंगला आणि सुमारे ३,६०० मीटर उंचीवरच्या संदकफूला कित्येक महिने ठेवायच्या. त्यांतून विद्युतभारित कण गेला की त्याच्या वाटेवर सूक्ष्म काळे ठिपके उमटत. काच धुऊन सूक्ष्मदर्शकाखाली ठिपके मोजायचे आणि त्यावरून कणाचे वस्तुमान काढायचे. इलेक्ट्रॉनच्या सुमारे २०० पट वस्तुमान असलेल्या कणांचे मार्ग त्यांना आढळले. १९४० ते १९४२ या काळात त्यांचे निष्कर्ष 'नेचर' या नियतकालिकात प्रसिद्ध झाले.

पुढील पाऊल टाकण्यासाठी अधिक संवेदनशील काचा हव्या होत्या. त्या परदेशात बनत. महायुद्ध पेटलेले होते. काचा मिळाल्या नाहीत आणि काम थांबले. युद्धानंतर ब्रिस्टल येथे सेसिल पॉवेल यांच्या गटाने सुधारित काचा वापरून १९४७ मध्ये पायॉन हा कण शोधला. १९५० चे नोबेल पारितोषिक पॉवेल यांना मिळाले. पॉवेल यांनी पुढे आपल्या ग्रंथात बसू आणि चौधुरी यांच्या कार्याचा उल्लेख केला, हा त्यांचा मोठेपणा. बिभा चौधुरी पुढे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत डॉ. होमी भाभांच्या निमंत्रणावरून आल्या आणि तेथील पहिल्या महिला संशोधक ठरल्या. १९९१ मध्ये त्या निवर्तल्या, तेव्हा देशाला त्यांचे नावही ठाऊक नव्हते. २०१९ मध्ये आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाने एका ताऱ्याला 'बिभा' असे नाव दिले.

या प्रसंगातून बोध काय घ्यावा? बुद्धी होती, पद्धत होती, हिमालय होता, कष्टांची तयारी होती. उणीव होती ती एका काचेची. जे राष्ट्र आपली मापनसाधने स्वतः बनवीत नाही, त्याच्या बुद्धिमत्तेला पुरवठादाराच्या सोयीने थांबावे लागते. स्वदेशी ही कल्पना खादी आणि मिठापुरती मर्यादित मानणाऱ्यांनी या काचेचा विचार अवश्य करावा.

मधमाशीचे पोळे आणि 'मानस'

ही उणीव भरून काढण्याचा प्रयत्न पुढील पिढीने केला. कोलकात्याच्या परिवर्ती ऊर्जा सायक्लोट्रॉन केंद्रात डॉ. बिकाश सिन्हा आणि डॉ. योगेंद्र पाठक वियोगी यांच्या पुढाकाराने १९९० च्या सुमारास एक गट उभा राहिला. सर्नमधील जड अणुकेंद्रकांच्या टकरींत सहभागी व्हायचे, पण हात हलवीत जायचे नाही, स्वतः बनविलेले यंत्र घेऊन जायचे, असा त्यांचा निर्धार होता. इतर देश विद्युतभारित कण मोजत होते, तेव्हा भारतीयांनी टकरीतून निघणारे प्रकाशकण, म्हणजे फोटॉन, मोजण्याचे काम अंगावर घेतले. दोन्ही गणत्या एकमेकींशेजारी ठेवल्या तरच टकरीचे पूर्ण चित्र दिसते. फोटॉनला विद्युतभार नसल्याने तो सहजी पकडता येत नाही. म्हणून पुढे शिशाचा जाड पत्रा ठेवायचा, फोटॉन त्यात शिरला की कणांची लहानशी सर निर्माण होते, ती मागच्या थरात मोजायची. पत्र्यापुढच्या थरात खूण उमटली तर तो फोटॉन नव्हे, विद्युतभारित कण, म्हणून तो वगळायचा.

सर्नमधील दोन प्रयोग, ब्रुकहेवनमधील 'स्टार' आणि अखेरीस 'ॲलिस', अशा चार प्रयोगांत भारतीय बनावटीची ही यंत्रे बसली. 'ॲलिस'मधील यंत्रात मधमाशीच्या पोळ्यासारखी दोन लाखांहून अधिक षट्कोनी घरे होती. हे यंत्र कोणा एका मोठ्या संस्थेने एकटीने बनविले नाही. कोलकाता आणि भुवनेश्वर येथील संस्थांच्या बरोबरीने चंडीगड, जयपूर आणि जम्मू येथील विद्यापीठांतील अध्यापक आणि विद्यार्थी त्यासाठी राबले. मुंबईची आयआयटीही 'ॲलिस'च्या कार्यात सामील झाली. जम्मू आणि जयपूर ही नावे मुद्दाम सांगितली पाहिजेत. मर्यादित साधनांच्या प्रादेशिक विद्यापीठांतील मुलामुलींच्या हातांनी जगातील सर्वांत मोठ्या प्रयोगाचा एक अवयव घडला.

त्याहून कमी प्रसिद्ध गोष्ट 'मानस'ची. यंत्रातून येणारा क्षीण विद्युतसंकेत वाचणारी ही चिप. कोलकात्याच्या साहा अणुकेंद्रीय भौतिकी संस्थेने तिचा आराखडा केला आणि पंजाबातील मोहाली येथील सेमीकंडक्टर कॉम्प्लेक्स या सरकारी कारखान्यात ती तयार झाली. फेब्रुवारी १९८९ मध्ये आगीत भस्मसात झालेला, सावरायला कित्येक वर्षे लागलेला तो हाच कारखाना. एकेक चिप १६ वाहिन्या वाचे. 'ॲलिस'मधील म्युऑन कण टिपणाऱ्या विभागाच्या दहा लाखांहून अधिक वाहिन्या या भारतीय चिपांच्या भरवशावर होत्या. त्याच विभागाचा एक टप्पा साहा संस्था आणि अलीगढ मुस्लिम विद्यापीठ यांनी मिळून उभारला. राष्ट्राचे काम हाती घेतले की माणसे कशी जोडली जातात, त्याचे हे उदाहरण.

मूळ त्वरक यंत्रातही भारताचा हात आहे. त्यातील १५ मीटर लांबीची, प्रत्येकी ३० टनांहून जड चुंबके ज्या ७ हजारांहून अधिक आधारयंत्रांवर केसभर अचूकतेने तोललेली आहेत, ती भारतातून गेली. मुंबईची टाटा संस्था आणि भाभा अणुसंशोधन केंद्र यांनी शेजारच्या 'सीएमएस' प्रयोगासाठी यंत्रभाग घडविले.

नटराज आणि दोन भ्रम

सर्नच्या आवारात २ मीटर उंचीची नटराजाची मूर्ती उभी आहे. भारताच्या अणुऊर्जा विभागाने ती भेट दिली आणि जून २००४ मध्ये तिचे अनावरण झाले. तिचे छायाचित्र आज घरोघरी भ्रमणध्वनीवर फिरते आणि पाहणाऱ्याचा ऊर भरून येतो. त्यात गैर काही नाही. सृजन आणि विलय यांचे ते चिरंतन प्रतीक त्या स्थळी शोभूनच दिसते. परंतु ज्या घरात हे छायाचित्र पोहोचले, त्यांपैकी कितींना 'मानस' हे नाव ठाऊक आहे? नटराज तेथे सन्मानाने उभा आहे, कारण त्याच परिसरात भारतीय हातांनी घडविलेली यंत्रे काम करीत होती. रिकाम्या हातांनी गेलेल्याच्या देवाला कोणी अंगणात जागा देत नाही.

या विषयात समाजाला दोन भ्रमांपासून जपले पाहिजे. पहिला भ्रम आपल्याच माणसांत अधिक आढळतो. कोठे काही शोध लागला की, हे तर आमच्या ग्रंथांत हजारो वर्षांपूर्वीच लिहिलेले होते, असे सांगण्याची घाई होते. महर्षी कणादांनी द्रव्याच्या सूक्ष्मतम घटकाचा विचार मांडला, ही भारतीय प्रज्ञेची थोर झेप आहे आणि तिचा अभिमान असलाच पाहिजे. पण कणादांना क्वार्क ठाऊक होते असे म्हणणे म्हणजे कणादांचा गौरव नव्हे. ज्या विचारवंताने द्रव्य, गुण, कर्म यांचे काटेकोर वर्गीकरण केले, त्याच्या नावावर न मोजलेले विधान खपविणे हा त्याच्याच शिस्तीचा भंग आहे. पूर्वजांचे ऋण फेडायचे तर त्यांच्या प्रश्नाला आजच्या साधनांनी पुढे न्यावे लागेल. संदकफूच्या थंडीत काचा मांडणाऱ्या बिभा चौधुरी आणि जम्मूत षट्कोनी घरे जुळविणारे विद्यार्थी हे कणादांचे खरे वारस होत.

दुसरा भ्रम स्वतःला व्यवहारी म्हणविणाऱ्यांचा. गरिबांच्या देशाला कण मोजण्याची चैन कशाला, असा प्रश्न ते विचारतात. प्रश्न अप्रामाणिक नाही, म्हणून उत्तरही सरळ दिले पाहिजे. नवी मुंबईत खारघर येथे टाटा स्मारक केंद्राच्या परिसरात २०२३ पासून प्रोटॉन किरणांनी कर्करोगावर उपचार होऊ लागले. प्रोटॉन हाही विद्युतभारित कणच. तो नेमका गाठीपाशी थांबतो आणि भोवतालचे निरोगी अवयव वाचतात, म्हणून लहान मुलांच्या कर्करोगात हा उपचार विशेष मोलाचा. कणांना वेग देणे, त्यांना वळविणे आणि एकेक कणाचा हिशेब ठेवणे या ज्या विद्या टकरींच्या प्रयोगांत वाढल्या, त्यांवरच हे यंत्र चालते. ते यंत्र बेल्जियममधील कंपनीकडून आले. देशाच्या कानाकोपऱ्यांतील रुग्णांना हा उपचार मिळायचा असेल, तर अशी किती यंत्रे आयात करणार? कण मोजण्याचा खर्च चैनीचा म्हणणाऱ्याने खारघरच्या प्रतीक्षालयात बसलेल्या आईबापांकडे पाहून हा हिशेब पुन्हा मांडावा.

हाती आलेले निसटू नये

या गौरवकथेचा उत्तरार्ध मात्र चिंता करायला लावणारा आहे. भारतीयांनी बनविलेले फोटॉन मोजणारे यंत्र २०१८ मध्ये संपलेल्या टप्प्यानंतर 'ॲलिस'मधून उतरविण्यात आले. म्युऑन विभागातील 'मानस' चिपाही निवृत्त झाल्या. यंत्रे जुनी होतात, नवी येतात, त्यात खंत नाही. खंत ही की 'मानस'च्या जागी जी 'साम्पा' नावाची चिप बसली, तिचा आराखडा ब्राझीलमधील साओ पाउलो विद्यापीठाच्या नेतृत्वाखाली झाला. 'ॲलिस'च्या अंतर्भागात २०२१ मध्ये तब्बल साडेबाराशे कोटी सूक्ष्म चौकटींचे नवे सिलिकॉन वेष्टन बसले. त्यातील चिपाही भारतात बनलेल्या नाहीत. एकदा मिळविलेली आघाडी पुढच्या पिढीत टिकली नाही, हे मान्य केल्याशिवाय उपाय सुचणार नाही.

भारतीय गट आजही तेथे आहेत आणि विदा-विश्लेषणात, शोधनिबंधांत त्यांची नावे सन्मानाने येतात. परंतु दुसऱ्याच्या यंत्राने टिपलेले आकडे संगणकावर तपासणे आणि स्वतःचे यंत्र उभे करून आकडे मिळविणे यांत अंतर आहे. पहिल्यातून विद्वान घडतात. दुसऱ्यातून विद्वानांसह कारागीर, कारखाने आणि आत्मविश्वास घडतो.

सुदैवाने संधी समोर आहेत. जानेवारी २०१७ पासून भारत सर्नचा सहयोगी सदस्य आहे, त्यामुळे तेथील कामांसाठी भारतीय उद्योगांना निविदा भरता येतात. जर्मनीत डार्मश्टाट येथे उभ्या राहत असलेल्या 'फेअर' या प्रकल्पाचा भारत संस्थापक सदस्य आहे. त्यात भारताची धुरा बसू विज्ञान मंदिराकडे आहे आणि जड अणुकेंद्रकांच्या टकरींतून येणारे म्युऑन मोजणारी यंत्रणा भारतीय गट घडवीत आहेत. 'ॲलिस'च्या पुढील टप्प्यासाठी सिलिकॉन शोधकांचे नमुने बंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्समध्ये तयार झाले आहेत. डिसेंबर २०२१ मध्ये केंद्र सरकारने अर्धसंवाहक उद्योगासाठी ७६ हजार कोटी रुपयांची योजना मंजूर केली. या निधीतून मोटारी आणि दूरध्वनी यांच्या चिपा बनतील, त्या बनल्याच पाहिजेत. त्याच वेळी मोहालीच्या जुन्या कारखान्याने विज्ञानासाठी जे केले, ती परंपराही पुढे गेली पाहिजे. नफा देणारी मागणी नसली तरी 'मानस'सारखी चिप देशात बनू शकेल, अशी एक राखीव वाट सरकारने जाणीवपूर्वक ठेवावी.

काम केवळ सरकारचे नाही. प्रादेशिक विद्यापीठांतील भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळा सुसज्ज असल्याशिवाय उद्याचे यंत्र घडविणारे हात तयार होणार नाहीत. महाराष्ट्रातील शिक्षणसंस्थांच्या चालकांनी इमारतीच्या कोनशिलेइतकेच लक्ष प्रयोगशाळेतील मेजाकडे द्यावे. मध्यमवर्गीय घरांतूनही एक प्रश्न स्वतःला विचारला जावा. मुलीने मूलभूत विज्ञान शिकायची इच्छा व्यक्त केली, तर तिला पुढे वेतन किती मिळेल, हा पहिला प्रश्न असतो. तो व्यर्थ नाही. पण तो शेवटचा असू नये. बिभा चौधुरींच्या घरच्यांनी तेवढ्यावरच निर्णय केला असता, तर आज आकाशात त्या नावाचा तारा नसता.

संघटनेत काम करणाऱ्याला शिरगणतीचे मोल सांगावे लागत नाही. रोज किती आले, कोण आले नाही, का आले नाही, याची नोंद ठेवणारा माणूस व्यासपीठावर दिसत नाही, परंतु कार्य उभे राहते ते त्याच्या वहीवर. विज्ञानाचेही तसेच आहे. १५८४ आणि त्यापुढचे ते ४ आणि ७६ हे आकडे लिहिणाऱ्या शेकडो नावांत कोलकाता, भुवनेश्वर, चंडीगड, जयपूर आणि जम्मूची नावे होती. पुढच्या मोजणीच्या वेळी त्या यादीत भारतीय नावे तर असतीलच. ज्या काचेवर, ज्या चिपेवर ती मोजणी होईल, तीही भारतात घडलेली असावी, एवढी व्यवस्था आजच्या पिढीने करून ठेवावी.